काळ्या गाडीवरची जाळी हाताने निघते, पण आधी रोजचं फडकं थांबवा

अमळनेरच्या एका भाऊंचा प्रश्न आहे. गाडी काळी, तीन वर्षांची. सावलीत छान दिसते, पण उन्हात काढली की बॉनेटवर आणि छपरावर कोळिष्टकासारख्या गोल गोल बारीक रेघा उमटतात. गॅरेजवाल्याने सांगितलं, दर सहा महिन्यांनी मशीनने रबिंग, म्हणजे रंग घासून पॉलिश, मारून घ्या. भाऊंना ते पटलेलं नाही, त्यांना हे घरी हाताने करायचं आहे. शिवाय शेताच्या वाटेवर बाभळीची फांदी घासून मागच्या दारावर एक लांब पांढरा चरा पडलाय. तोही त्यातच निघेल का, असं त्यांनी विचारलंय.

भाऊ, ही बारीक रेघांची जाळी हाताने निघते. शंभर टक्के नाही, पण भर उन्हात गाडी दारात लावली तरी नजर तिकडे जाणार नाही इतकी नक्की निघते. बाभळीच्या चऱ्याचं शेवटी बोलू. मी जळगावात २२ वर्षं गाडीच्या रंगाचं काम करतोय. पहिली ८ वर्षं डेंटिंग-पेंटिंगमध्ये गेली, नंतर निव्वळ पॉलिशचं काम. इतक्या वर्षांत मला सगळ्यात जास्त वाईट एकाच गोष्टीचं वाटत आलंय. माणूस दोन दिवस घाम गाळून गाडी आरशासारखी करतो, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता तेच जुनं फडकं घेऊन गाडी पुसायला लागतो. महिन्याभरात जाळी परत हजर.

ही जाळी म्हणजे काय, ते आज रात्रीच बघून घ्या. गाडी अंधारात उभी करा आणि मोबाइलची बॅटरी बॉनेटवर धरा. उजेडाच्या ठिपक्याभोवती रेघांची वर्तुळं दिसतील. आता बॅटरी हातभर बाजूला न्या. वर्तुळंही सोबत सरकतील. म्हणजे रंगावर खरी वर्तुळं नाहीतच. तिथे सगळ्या दिशांनी पडलेल्या हजारो सरळ-वाकड्या चिरा आहेत. त्यांतल्या ज्या उजेडाच्या ठिपक्याभोवती आडव्या पडल्या आहेत, तेवढ्याच चमकून डोळ्यात येतात, म्हणून गोल जाळं भासतं. 'मी तर कधी गोल पुसलंच नाही' असं सांगणारे बरेच भेटतात, ते खरंच सांगत असतात. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवरही इतकीच जाळी असते. तिथे ती लपते आणि काळ्या गाडीवर उघडी पडते, एवढाच फरक.

आता रंगाची जाडी. कंपनीतून निघालेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन रंग असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. खाली प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर बिनरंगी क्लिअर कोट. हा क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. चकाकी त्याची, उन्हापासून रंगाचं रक्षण करायचं कामही त्याचंच, आणि जाळीही त्याच्याच वरच्या एक-दोन मायक्रॉनमध्ये असते.

चीर म्हणजे खड्डा. खड्डा पॉलिशने भरत नाही. आपण खड्ड्याच्या आजूबाजूची जमीन घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणतो, मग खड्डा उरत नाही. जळगावच्या सराफ बाजारात दागिना पॉलिशला दिला की घट धरतात. सोनं चकाकतं, पण गुंजभर तरी कमी होतंच. गाडीचंही तसंच आहे. दर पॉलिशला थोडा क्लिअर कोट कायमचा जातो आणि तो परत येत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी रबिंग हा सल्ला मला मान्य नाही. आपल्याकडच्या उन्हात क्लिअर कोट पातळ झाला की काही वर्षांत छपरावर पांढुरके चट्टे पडतात, पापुद्रे सुटतात, आणि मग रंगकामाशिवाय इलाज नसतो.

तर आधी फडकं. खान्देशातली धूळ सगळ्यांना माहीत आहे. उन्हाळ्यात शेतवाटेला घोटाभर फुफाटा असतो. सुरत-नागपूर महामार्गावर खडीचा चुरा उडतो. भुसावळला दीपनगरच्या वीज केंद्राच्या बाजूला राहणाऱ्यांच्या गाडीवर राखड बसते. वाळूतली गारगोटी कठीणपणाच्या मोह्ज मापावर ७ ला असते आणि खिडकीची काच साधारण साडेपाचला. क्लिअर कोट तर काचेपेक्षा पुष्कळ मऊ, शेवटी तो एक प्रकारचा प्लास्टिकचाच थर. असे कण पत्र्यावर बसलेले असताना कोरडं फडकं मारणं म्हणजे फार बारीक पॉलिश पेपर फिरवणंच आहे. फडकं मऊ आहे की कडक, हा प्रश्नच नाही. ओरखडा फडकं काढत नाही, फडक्याखाली अडकलेला कण काढतो. पंखांची झटकणी, मेणाची लाल झटकणी, सगळ्यांचं तेच.

थंडीत आणखी एक प्रकार होतो. पहाटे दव पडतं, धूळ भिजते. लोकांना वाटतं, गाडी आयती ओली आहे, फडकं फिरवलं की झालं. पण दवाचं पाणी धूळ वाहून न्यायला पुरत नाही. तिचा बारीक चिखल होतो, आणि तोच आपण गाडीभर घासतो. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांवर सगळ्यात दाट जाळी पौष-माघात दिसते.

जुनी बनियन, साडीचा तुकडा, पंचा, काहीही वापरू नका. बनियनची शिवण एकटीच पुरेशी आहे. धूळ बसली असेल तर बसू द्या. आठवड्यातून एकदा नीट धुतलेली धुळकट गाडी रोज पुसलेल्या चकचकीत गाडीपेक्षा दहा वर्षांनी जास्त चांगली दिसते. हे मी माझ्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांवर पाहिलेलं आहे.

धुण्याची रीत साधी आहे. आधी फक्त पाणी, भरपूर, वरून खाली, नळीने किंवा प्रेशरने, की सुटी धूळ हात न लावता निघून जावी. मग दोन बादल्या. एकीत कार शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून एक भाग धुवायचा, मोजा साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा, मगच परत शाम्पूत. छप्पर आधी, मग काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग. दारांचा खालचा भाग आणि बंपर सगळ्यात शेवटी, कारण खरी वाळू तिथेच असते. चाकांना वेगळं फडकं. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण नको, त्याने आधी लावलेलं मेण धुऊन जातं.

पाण्याबद्दल इथे थांबून बोलायला हवं, कारण आपल्याकडे तो मोठा विषय आहे. बोअरचं पाणी क्षारांचं. थेंब उन्हात वाळला की पांढरा गोल डाग उरतो, आणि पत्रा तापलेला असेल तर तो डाग क्लिअर कोटमध्ये रुततो. त्यामुळे धुणं सकाळी लवकर किंवा सावलीत, आणि धुतल्या धुतल्या जाड मायक्रोफायबर टॉवेलने पाणी टिपून घ्यायचं. टिपायचं, घासायचं नाही. टॉवेल पत्र्यावर पसरा, वरून थोपटा, उचला. आरओच्या यंत्रातून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी बरेच जण गाडीला वापरतात. पाणी वाचवण्याची तळमळ चांगली आहे, पण त्या पाण्यात मूळ बोअरच्या पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. ते फरशीला वापरा, गाडीला नको. उलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी जवळजवळ क्षारविरहित असतं. एक बादली साठवून शेवटी तेच गाडीवरून ओता, डाग पडणार नाहीत. आणि कूलर. एप्रिल-मेमध्ये खिडकीतल्या कूलरखाली गाडी लावणारे खूप. कूलरच्या टाकीत रोज पाणी उडून क्षार साचत जातात आणि तेच तुषार छपरावर पडतात. नव्या गाड्यांची छपरं एका उन्हाळ्यात खरबरीत झालेली मी पाहिली आहेत. हे डाग ताजे असतील तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन ओल्या फडक्याने मिनिटभर ठेवा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. जुने रुतलेले डाग मात्र पॉलिशनेच कमी होतात.

धुऊन झालं की हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून हळूच बोटं फिरवा. उघड्या बोटांना न कळणारी खरखर पिशवीतून कळते. ती खरखर म्हणजे रंगात रुतलेले कण. भुसावळला रेल्वेच्या जवळ राहणाऱ्यांच्या पांढऱ्या गाडीवर बारीक तपकिरी ठिपके दिसतात, ते लोखंडाचे कण गंजलेले असतात. त्यावर आयर्न रिमूव्हर नावाचं द्रावण फवारतात. ते लोखंडाला लागलं की जांभळं होतं, वाळायच्या आत धुऊन टाकायचं. बाकीच्या खरखरीला क्ले बार. हा मळलेल्या कणकेसारखा गोळा असतो. त्याचा सुपारीएवढा तुकडा चपटा करायचा, पत्र्यावर शाम्पूचं पातळ पाणी फवारायचं आणि अगदी हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवायचं. तुकडा काळा झाला की घडी घालून आतली स्वच्छ बाजू बाहेर काढायची. जमिनीवर पडला तर कितीही जीव तुटला तरी टाकून द्यायचा. रुतलेले कण न काढता पॉलिश केलं तर तेच कण पॅडखाली येतात आणि नवी जाळी पडते.

यावल-रावेरकडच्या बागायतदारांसाठी एक वेगळी सूचना. केळीचा चीक कपड्यावर पडला की जन्माचा डाग, हे तुम्हाला सांगायला नको. गाडीवरही तो वाळला की तपकिरी-काळा होतो. त्यावर नखाने किंवा काथ्याने घासू नका. ओलं फडकं पाच-दहा मिनिटं ठेवून मऊ करा, मग टिपा. उरलेली छटा पॉलिशने जाते.

आता मुख्य काम. लागणारं सामान फार नाही. फोमचे छोटे हातपॅड चार-पाच, चांगली मायक्रोफायबर फडकी दहा-बारा, मास्किंग टेप, एक फिनिशिंग पॉलिश (कमी घासणारं), एक मध्यम कंपाउंड (जरा जास्त घासणारं). दुकानात मागताना 'हाताने चालणारं' असं स्पष्ट विचारा आणि बाटलीवर वाचा. काही कंपाउंड मशीनच्या गतीसाठीच बनवलेली असतात. त्यांचे कण आधी मोठे असतात आणि घासता घासता फुटून बारीक होतात. हाताने ते नीट फुटत नाहीत, मग ओरखडे मागे राहतात. ज्यात कण पहिल्यापासून बारीक आणि एकसारखे असतात, ते हाताला बरं. रंगवाल्यांच्या दुकानात डब्यात मिळणारं जाड रबिंग कंपाउंड घेऊ नका. नव्या रंगावर पॉलिश पेपर मारल्यावर त्याच्या रेघा काढायला ते असतं, कंपनीच्या क्लिअर कोटवरच्या बारीक जाळीला नाही.

ऊन टाळा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा काळ्या पत्र्यावर तळहात टेकवत नाही. तापल्या पत्र्यावर पॉलिश क्षणात वाळतं आणि चिकटून बसतं. दिवाळी ते शिवरात्र हा या कामाचा काळ. दव उडून गेल्यावर, सावलीत, वारा नसताना. वाऱ्याच्या दिवशी अंगणात पॉलिश करायला बसलात तर अर्ध्या तासात पॅडवर फुफाटा येईल. शेड नसेल तर त्या दिवशी करूच नका.

प्लास्टिकच्या पट्ट्या, रबर आणि पत्र्याच्या कडा टेपने झाका. कडांचं मी मुद्दाम सांगतो. बॉनेटची कड, दाराची कड, पत्र्यावर मुद्दाम उठवलेली रेघ, इथे रंग मुळातच पातळ बसलेला असतो, आणि घासताना सगळा दाब त्याच धारेवर येतो. नवा असताना मी एका गिऱ्हाइकाच्या मरून गाडीच्या बॉनेटची रेघ हाताने घासता घासता उघडी पाडली होती. फडक्यावर मरून रंग आला तेव्हा कळलं की क्लिअर कोट संपून खालचा रंग सुटतोय. त्या गाडीवर आधी दोनदा मशीन फिरलं होतं आणि मी विचारलं नव्हतं. पूर्ण बॉनेट परत रंगवून द्यावं लागलं, आणि ते पैसे माझ्या पगारातून गेले. तेव्हापासून मी कडेला हात लावत नाही. कडेवरची जाळी तशीच राहू देतो, ती कोणालाही दिसत नाही.

म्हणून सुरुवातीलाच एका लपलेल्या कोपऱ्यावर थोडं पॉलिश घासून फडकं बघा. फडक्यावर गाडीचा रंग आला, तर तिथे क्लिअर कोट नाही. जुन्या जीप, ट्रॅक्टर आणि जुन्या काही पांढऱ्या गाड्यांवर तो मुळातच नसायचा, तिथे रंग येणं स्वाभाविक आहे. तुमच्या तीन वर्षांच्या काळ्या गाडीवर काळा रंग आला तर मात्र हात थांबवा. गाडी जुनी घेतलेली असेल, तर चांगल्या पेंटरकडे रंगाची जाडी मोजायचं यंत्र असतं. ते सगळ्या भागांवर लावून बघा. एका भागावर आकडा बाकीच्यांपेक्षा फार मोठा आला तर तो भाग परत रंगवलेला आहे, बराच कमी आला तर तिथे आधी कोणी तरी घासून गेलेलं आहे. आणि मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश कधीच नाही, तो चकाकतो आणि कायमचा बिघडतो.

पहिला प्रयोग दोन वीत लांब, दोन वीत रुंद एवढ्याच जागेवर करा, बॉनेटच्या मधोमध. आधी सौम्य, म्हणजे फिनिशिंग पॉलिश. पॅडवर हरभऱ्याच्या दाण्याएवढे चार थेंब घ्या. पॅड पहिल्यांदाच वापरत असाल तर थोडं पॉलिश बोटाने सगळ्या तोंडावर चोळून घ्या, कोरडा फोम स्वतःच ओरखडे काढतो. मग सरळ रेषेत पुढे-मागे. गोल नाही. गोल फिरवलं आणि पॅडखाली कण आला, तर तो सगळ्या दिशांना ओरखडे काढील आणि ते प्रत्येक कोनातून दिसतील. सरळ रेघ एखाद्याच कोनातून दिसते. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढलेली हवी. एकदा उभ्या रेघा, मग त्याच जागेवर आडव्या, परत उभ्या, परत आडव्या.

दाबाचा अंदाज शब्दांत देणं अवघड आहे, म्हणून मी शिकणाऱ्या पोरांना स्वयंपाकघरातला वजनकाटा देतो. त्यावर पॅड ठेवून दाबा आणि आकडा बघा. सुरुवातीला दोन ते तीन किलो, शेवटच्या दोन फेऱ्यांना निव्वळ हाताचं वजन. दाब तळहाताचा हवा, बोटांच्या टोकांचा नको. बोटं रुतली की पॅडखाली चार पट्टे जास्त घासले जातात आणि नंतर उन्हात ते चार पट्टेच दिसतात. काळ्या गाडीवर हे हमखास होतं. दोन-तीन मिनिटांत पॉलिशचा थर पारदर्शक, तेलकट दिसायला लागेल. तिथे थांबा. वाळून पावडर होईपर्यंत रेटू नका.

स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा. फडक्याची चार घडी घातली की आठ बाजू मिळतात, दर वेळी नवी बाजू. पुसल्यावर जे दिसतं त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. पॉलिशमध्ये तेल असतं. ते चिरांमध्ये भरतं आणि जाळी गेल्यासारखी वाटते. एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चार भाग पाणी एकत्र करून हलकं फवारा, पुसा, आणि मगच बॅटरी धरा. आता दिसेल ते खरं.

जाळी बरीचशी गेली असेल तर उत्तम, सगळी गाडी याच पॉलिशने करा. अर्धी उरली असेल तर त्याच जागेवर आणखी एकदा. तरीही उरली तर मध्यम कंपाउंड दुसऱ्या पॅडवर घ्या, आणि त्याच्यानंतर परत फिनिशिंग पॉलिश, कारण कंपाउंड स्वतःची धूसर छटा मागे ठेवतं. दोन्हींचे पॅड कधी अदलाबदल करू नका. दोन-तीन प्रयत्नांनंतर ज्या रेघा उरतील त्या सोडून द्या. त्या खोल आहेत. त्यांच्या मागे लागून अख्खं बॉनेट पातळ करण्यात काही अर्थ नाही. मी स्वतः माझ्या गाडीवर तशा रेघा ठेवल्या आहेत.

एका बॉनेटला हाताने तास-दीड तास लागतो. छप्पर तेवढंच. पूर्ण गाडी एका दिवसात उरकायला जाऊ नका. खांदा दुखायला लागला की दाब बिघडतो, आणि बिघडलेला दाब काळ्या रंगावर लपत नाही. रोज एक भाग, आठवडाभरात गाडी होते. फडकी वेगळी धुवा, सुती कपड्यांबरोबर नको आणि सुगंधी कंडिशनर नको. सुती कपड्यांचे तंतू मायक्रोफायबरमध्ये अडकतात. खाली पडलेलं फडकं त्या दिवसापासून चाकांचं.

शेवटी संरक्षण. कार्नोबा (झाडापासून मिळणारं) मेण लावा किंवा सीलंट (कृत्रिम संरक्षक लेप), पातळ थर, दोन्ही चांगले. आपल्या उन्हात मेण दोन-अडीच महिन्यांत उडतं, सीलंट जास्त टिकतं, म्हणून मी सीलंट सुचवतो. सिरॅमिक कोटिंगच्या, म्हणजे रंगावर मारायच्या टिकाऊ कडक लेपाच्या जाहिरातीत '९ एच' लिहिलेलं असतं. तो पेन्सिलच्या कठीणपणाचा आकडा आहे, मोह्जचा नाही. वाळूचा कण त्यालाही ओरखडतो. कोटिंग चांगली गोष्ट आहे, धूळ कमी चिकटते, गाडी धुणं सोपं होतं, पण कोटिंग आहे म्हणून कोरडं फडकं मारायला मोकळीक मिळत नाही. आणि कोटिंग केलेल्या गाडीवर पॉलिश केलं की कोटिंगही निघून जातं, हे आधीच लक्षात घ्या.

मशीनबद्दल मनात राग नसावा. मी रोज वापरतो. चांगल्या हातात मशीन कमी क्लिअर कोट घेऊन जास्त स्वच्छ काम करतं. पण लोकरीचा पॅड, जाड कंपाउंड, ऊन आणि वीस मिनिटांत अख्खी गाडी, असं जिथे चालतं तिथून आलेल्या गाडीवर उन्हात बघितलं की मशीनच्या फिरण्याच्या लांब लांब छटा दिसतात. तेलाने त्या आठवडाभर झाकल्या जातात, दोन धुण्यांनंतर वर येतात. गिऱ्हाइकाला वाटतं, जाळी परत आली. ती गेलीच नव्हती. तुमच्या गॅरेजवाल्याने काम केल्यावर गाडी अल्कोहोलच्या पाण्याने पुसून बॅटरीखाली दाखवायची तयारी ठेवली, तर त्याच्याकडून करून घ्यायला माझी हरकत नाही. दोन-तीन वर्षांतून एकदा मात्र.

टूथपेस्टचं प्रत्येक जण विचारतो, म्हणून सांगतो. तिच्यात घासणारे कण असतात, त्यामुळे थोडा फरक दिसतो. पण ते कण दातांसाठी आहेत, कुठलीत किती जाडे ते आपल्या हातात नाही, आणि काळ्या रंगावर ती स्वतःची धूसर छटा ठेवते. डिझेल किंवा रॉकेलचं फडकं मारलं की गाडी चमकते, पण ती तेलाची चमक. संध्याकाळपर्यंत त्यावर गावाची धूळ चिकटते. दोन्ही नकोत.

दसऱ्याला, नव्या गाडीच्या पूजेला बॉनेटवर बोटाने स्वस्तिक काढतो आपण. कुंकू आधी पाण्यात कालवून ओलं घ्या, पत्रा धुतलेला असू द्या, बोट रेटू नका, आणि दुसऱ्या दिवशी पाण्याने धुऊन टाका. कोरड्या अक्षता हाताने दाबून लावल्या की तिथेच ओरखडे पडतात. हार तारेचा असेल तर बॉनेटवर लोळू देऊ नका, दोऱ्याचा घ्या.

आता बाभळीचा चरा. त्यावर नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर तो क्लिअर कोटच्या वरच्या भागातच आहे, वरच्या रीतीने बराच पुसट होईल. तुम्ही 'लांब पांढरा चरा' लिहिलंय आणि बाभळीचा काटा मी ओळखतो, म्हणून बहुतेक नख अडकेल. मग त्यावर पॉलिश करू नका. त्या खोलीपर्यंत दार घासत नेलं तर आजूबाजूचा क्लिअर कोट संपून जाईल. चऱ्यावर पाण्याचा थेंब टाका. ओला असताना पांढरेपणा नाहीसा झाला तर अजून रंग शाबूत आहे आणि क्लिअर कोटच चिरलाय. ओल्यातही राखाडी दिसला तर प्रायमर उघडं पडलंय, आणि पत्रा चमकत असेल तर पावसाळ्याआधी बंद करणं भाग आहे, नाहीतर गंज धरेल.

गाडीच्या माहितीच्या पट्टीवर रंगाचा कोड असतो, दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली. तो सांगून टच-अपची बाटली मागवा. चरा अल्कोहोलच्या पाण्याने स्वच्छ करा. बाटलीतला ब्रश जाड असतो, त्याऐवजी टूथपिक घ्या, आणि चऱ्याच्या आतच रंग भरा, बाहेर सांडू देऊ नका. पातळ थर, वाळू द्या, परत थर. तीन-चार थरांत तो आजूबाजूच्या पातळीला येईल, मग वरून क्लिअरचा एक थर. महिनाभर त्यावर मेण, पॉलिश काही नको. दोन हातांवरून बघितलं तर रेघ दिसेल, रस्त्याच्या पलीकडून दिसणार नाही. दारच परत रंगवायचं मनात असेल तर थोडं थांबा. कंपनीचा रंग भट्टीत पक्का झालेला असतो, गावातल्या शेडमध्ये मारलेला रंग तितका कठीण क्वचितच होतो. एका रेघेसाठी तुमच्या गाडीचं अख्खं दार मी तरी रंगवलं नसतं.